वालाचा वेल नुसताच माजलाय? खताचा डबा आधी बाजूला ठेवा

वेल ग्रिलवर चढून वरच्या मजल्याला भिडला, पानं हाताच्या पंज्याएवढी, आणि शेंग एकही नाही. किंवा याच्या उलट: दीड महिना झाला तरी रोप वीतभरच, पानं पिवळट. या दोन्ही तक्रारींवर मुंबईत एकच सल्ला मिळतो, खत घाला. पहिला वेल बहुतेक वेळा खतानेच बिघडलेला असतो. दुसऱ्याची मुळं अनेकदा इतकी खराब झालेली असतात की घातलेलं खत त्याला उचलता येत नाही. म्हणून खालच्या क्रमाने तपासा आणि कारण सापडेपर्यंत कुंडीत काहीही घालू नका.

१. बी कोणतं आहे ते पाहा

लाल फुलांच्या रनर बीनची पाकिटं ऑनलाइन मिळतात. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ, थंड भागातलं पीक आहे. मुंबईच्या उकाड्यात ते फुलतं आणि फुलं गाळून टाकतं. त्याच्यामागे लागू नका. फरसबी जमते, पण ऑक्टोबरचा उष्मा ओसरल्यावर पेरलेली. पारा ३५ कडे गेला की तिचीही फुलं टिकत नाहीत. इथल्या हवेत वेलवर्गात खरा भरवशाचा तो वाल, म्हणजे वालपापडी. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

बी पेरण्याआधी भिजवायचं असेल तर चार तास पुरे. बिरड्यासाठी भिजवतो तसं रात्रभर पाण्यात ठेवलेलं बी कुंडीत अनेकदा कुजतं.

२. ऊन

थेट ऊन किमान पाच तास हवं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनमध्ये सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो आणि उत्तरेकडच्या गॅलरीतही ऊन येतं. ते पाहून लोक तिथे वेल लावतात. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि वालाला फुलं यायच्या नेमक्या वेळी ती गॅलरी पूर्ण सावलीत जाते. उत्तरेची गॅलरी असेल तर वाल लावू नका, अळू लावा.

३. मुळं

माती ओली आहे आणि तरीही रोप दुपारी मान टाकतंय, तर मुळं कुजत आहेत. आणखी पाणी घातलंत तर रोप जाईल. बोट दोन पेरं खोल घाला. तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडीखालची ताटली काढून टाका. १२ ते १५ इंची कुंडीला बोटाएवढी पाच-सहा भोकं हवीत. एका कुंडीत दोनच वेल ठेवा.

तळाशी खडीचा थर द्यायचा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच्या मातीत अडून राहतं. म्हणजे चिखलाचा थर तळाऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, बास.

नुसत्या लाल मातीत लावलं असेल तर दोन महिन्यांत ती विटेसारखी घट्ट बसते. दोन भाग लाल माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जुनं शेणखत आणि दोन ओंजळी भाताचं तूस हे मिश्रण चालतं. कोकोपीट धुणं टाळू नका, त्यात क्षार असतात आणि पानांच्या कडा करपतात.

आता पिवळ्या, खुरटलेल्या रोपाची खात्री करून घ्या. दाटीतलं एक रोप अलगद उपटा आणि मुळं पाण्यात धुवा. मुळांवर मोहरी ते ज्वारीएवढ्या गाठी दिसल्या पाहिजेत. एक गाठ नखाने कापा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती हवेतलं नत्र (नायट्रोजन) बांधते आहे. आतून पांढरी किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच नसतील, तर रोप उपाशी आहे. या गाठी रायझोबियम नावाचे जिवाणू बनवतात, आणि कोकोपीटच्या नव्या मिश्रणात ते सहसा नसतात. कृषी सेवा केंद्रात रायझोबियमचं पाकीट मिळतं. वालाचं मागा, फरसबीचं वेगळं असतं. शेतावर २५० ग्रॅम पाकीट १० किलो बियाण्याला लावतात. पुन्हा पेरताना आपल्या दहा-बारा बियांना गुळाच्या पाण्याचे थेंब आणि चिमूटभर भुकटी पुरते. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पाकिटावरची मुदत बघा, मुदत संपलेली भुकटी म्हणजे नुसती माती.

४. पानं भरपूर, फूल नाही

बहुतेकांचा वेल इथेच अडतो. कारणं तीन, आणि ती याच क्रमाने तपासायची.

पहिलं, वेळ. वेलाचा पारंपरिक वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. मुंबईत जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा. जूनमध्ये पेरलेला वेल पावसाळाभर नुसता वाढतो, कारण फुलायचा त्याचा काळच आलेला नसतो. जमिनीत ते चालतं, कुंडीत नाही. चार महिने वाढलेल्या वेलाला १५ लिटर माती पुरत नाही आणि फुलायच्या वेळेला तो थकलेला असतो. कुंडीतला वाल घटस्थापनेच्या सुमारास पेरा. घटात धान्य पेरता त्याच दिवशी वालही पेरलात तर वेल कंबर-छातीएवढा असतानाच तुरे धरतो. वर्षभर केव्हाही लावायचा असेल तर बुटकी जात घ्या; बेंगळुरूच्या भारतीय उद्यान संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय या जाती दिवसाच्या लांबीवर अडत नाहीत.

दुसरं, दिवा. याकडे मुंबईत कोणाचं लक्ष जात नाही आणि खरा घोटाळा अनेकदा इथेच असतो. अशी झाडं दिवस मोजत नाहीत, सलग अंधार मोजतात. गॅलरीतली रात्रभर जळणारी ट्यूब, सोसायटीच्या गेटवरचा फ्लडलाइट, समोरच्या बांधकामावरचा हॅलोजन यांतलं काहीही पानांवर पडत असेल तर वेलाच्या लेखी रात्र लहानच राहते. शेताच्या कडेला रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकी शेत वाळलं तरी हिरवंच राहतं, ते याच कारणाने. रात्री अकरा वाजता घरातले दिवे घालवून वेलापाशी उभे राहा. त्या उजेडात वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली तर उजेड जास्त आहे. कुंडी हलवा, किंवा दिव्याच्या बाजूने संध्याकाळी सात ते सकाळी सहा जाड काळं कापड टांगा. हे रोज करायचं. मध्ये दोन-तीन रात्री चुकल्या तर मोजणी बिघडते. कळ्या दिसायला तीन-चार आठवडे धीर धरा.

तिसरं, नत्र. दर आठवड्याला गांडूळखत, ओल्या कचऱ्याचं पाणी, वर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं रासायनिक खत) असा मारा झालेला वेल माजतो. वाल स्वतःचं नत्र स्वतः बनवतो. आयतं मिळालं की गाठी काम थांबवतात आणि सगळा जोर पानांवर जातो. सगळी खतं बंद करा. शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतील आणि तुरे त्यांच्यावर येतील. लाकडाची राख अर्धी मूठ मातीत मिसळा, महिन्यातून एकदाच. ‘पाणी तोडा, मग फुलतो’ हे मात्र अजिबात ऐकू नका. कुंडीत पाणी तोडलं की आलेल्या कळ्याही गळतात.

५. फूल येतं आणि गळतं

पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस कोरडं, हे मुख्य कारण. रोज सकाळी बोट घालून पाहा, ओल नसेल तर ठरावीक पाणी द्या आणि मातीवर वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला. मधमाश्या नाहीत म्हणून ब्रशने परागीभवन करू नका. तो उपाय दुधी-भोपळ्याचा आहे. वालाचं फूल स्वतःच फळतं. ब्रशने तुरे मोडतात तेवढेच.

६. कीड

कोवळ्या शेंड्यावर काळा मावा आणि त्याच्यामागे मुंग्या हे जोडीने येतात. पाण्याचा जोरदार फवारा मारा. दुसऱ्या दिवशीही दिसला तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल आणि थोडा पातळ साबण, सूर्य मावळल्यावर. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आले तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. त्याला औषध नाही, वेल उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. फेब्रुवारीनंतर पानांखाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूला रोज पाणी मारा.

शेंगा उजेडाकडे धरल्यावर आतला दाणा जेमतेम दिसतो, तेव्हा तोडा. दाणा टपोरा होऊ दिला की वेल नवी फुलं कमी करतो. तोडताना शेंगेचं देठ कात्रीने कापा, तुऱ्याचा दांडा ओढू नका. त्याच दांड्यावर पुन्हा फुलं येतात.