क्रोशा येतो, पण तिथेच अडकलाय? मग टाके वाचायला शिका

क्रोशा शिकून वर्ष-दोन वर्षं झाली की एक टप्पा येतो बघा, साखळी, मुका खांब (बुटका टाका), खांब (उंच टाका) सगळं हाताला बसलेलं असतं, ग्रॅनी स्क्वेअर (मधून बाहेर विणत जायचा चौकोन) डोळे मिटून होतो, चौकोनांचा ढीग लागतो, आणि तरी आतून वाटत राहतं की गेल्या वर्षी जिथे होतो तिथेच आहोत. मी त्या टप्प्यावर चांगली तीन वर्षं ठाण मांडून बसले होते. त्यावर उपाय म्हणून काय केलं, तर अजून लोकर घेतली. कपाट भरलं, बाकी काही नाही.

खूप उशिरा डोक्यात उजेड पडला की मला विणता येत होतं पण विणलेलं वाचता येत नव्हतं. म्हणजे व्हिडिओ थांबवत थांबवत तसंच्या तसं करायचे, पण कोणी हातातलं काम घेऊन विचारलं असतं की ही कितवी ओळ, हा खांब खालच्या कुठल्या टाक्यातून आलाय, तर मी गप्प. त्यामुळे चूक झाली की थेट सगळं उसवायचं नाहीतर तसंच पुढे रेटायचं, मधला रस्ताच नाही. तर आता जे सांगतेय ते सगळं त्या वाचण्याभोवतीच फिरणार आहे.

सुरुवात अशी करा. जाडसर, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर घ्या (काळी नको, काळ्या लोकरीत अनुभवी लोकांनाही टाका दिसत नाही, आणि केसाळ तर अजिबात नको), साधारण 20 टाक्यांची पट्टी घाला आणि खांबाच्या सहा-सात ओळी करा. आता ती डोळ्यांजवळ धरा. वरून बघितलं की प्रत्येक खांबाच्या डोक्यावर इंग्रजी व्ही सारखा आकार दिसतो, दोन पाकळ्या, एक पुढची एक मागची. गंमत म्हणजे हा व्ही खांबाच्या बरोबर डोक्यावर नसतो, जरासा बाजूला सरकलेला असतो, आणि म्हणूनच नवीन माणूस खांबाच्या सरळ वर दिसणाऱ्या भोकात हुक घालतो आणि एक टाका इकडेतिकडे होतो. हे एकदा नीट दिसलं ना की अर्धी मोजणी आपोआप बरोबर यायला लागते.

मग कडा बघा. कडेला येऊन सगळ्यांचंच घोडं अडतं. ओळ संपली की वर चढायला साखळ्या घालतो, मुक्या खांबाला 1, अर्ध्या खांबाला 2, खांबाला 3. आता खांबाच्या बाबतीत बहुतेक पॅटर्नमधे (म्हणजे विणायच्या लेखी सूचनांमधे) त्या 3 साखळ्याच पहिला खांब म्हणून धरतात, म्हणजे पुढचा खांब बुडाशी लागलेल्या पहिल्या टाक्यात नाही घालायचा, दुसऱ्यात घालायचा, आणि पुढच्या ओळीच्या शेवटी परत त्या साखळीच्या तिसऱ्या, सगळ्यात वरच्या साखळीत एक खांब घालायचा. तो शेवटचा विसरलात की दर ओळीला एक टाका कमी, आणि दहा ओळींनी तुमचा सरळ मफलर त्रिकोणाकडे निघालेला असतो. उलट बुडाच्या टाक्यातही घातलात आणि वरच्या साखळीतही घातलात तर तो रुंद होत जातो. म्हणजे कड तिरकी गेली की ती कुठल्या बाजूला गेली एवढं बघूनच कळतं की काय चुकलंय. मुक्या खांबात मात्र ती 1 साखळी सहसा मोजत नाहीत, पहिल्याच टाक्यात काम सुरू करतात. पॅटर्नमधे हे लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच.

यानंतर एक उद्योग करा जो कोणी सांगत नाही, मुद्दाम चूक करा. तिसऱ्या ओळीत एक टाका सोडून द्या, पुढच्या चार ओळी विणा, आणि मग पट्टी दुसऱ्या दिवशी हातात घेऊन चूक शोधा. सापडली की तिथपर्यंतच उसवा, जिवंत अढ्यात (म्हणजे हुकावरच्या मोकळ्या फासात) मार्कर, म्हणजे खुणेची पिन, अडकवून ठेवा म्हणजे तो सुटून पळणार नाही, आणि परत वर चढा. उसवायची भीती गेली की नवीन काहीतरी करून बघायची भीतीपण निम्मी होते, कारण क्रोशात एका वेळी हुकावर बहुतेक एकच अढा असतो, दोन सुयांच्या विणकामासारखे पन्नास टाके गळायची धास्ती नाही. एवढी सोय असून आपण घाबरतो म्हणजे कमाल आहे.

आता गेज, म्हणजे नमुन्याची चौकोनी पट्टी विणून 10 सेंटीमीटरला किती टाके बसतात ते मोजणं. हो माहितीये, सगळे सांगतात आणि कोणी करत नाही, मीपण नाही केलं, आणि एक आख्खा स्वेटर वाया घालवला. पॅटर्नमधे 10 सेंटीमीटरला 16 टाके होते आणि घेर 96 सेंटीमीटर, म्हणजे 154 टाके. माझी वीण सैल, माझे 10 सेंटीमीटरला 14 टाके बसतात हे मला माहीतच नव्हतं. 154 ला 1.4 ने भागा, 110 सेंटीमीटर. तब्बल 14 सेंटीमीटर जास्त! टाके सगळे बरोबर, मोजणी बरोबर, आणि तंबू तयार. गेज घ्यायचा तर 10 चा तुकडा विणून 10 मोजायचे नाहीत, 15 सेंटीमीटरचा तरी विणा, धुवा, वाळवा, आणि मधले 10 मोजा, कारण कडेचे टाके नेहमी ओढलेले असतात. टाके जास्त बसले तर वीण घट्ट आहे, मोठा हुक घ्या, कमी बसले तर लहान.

आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी कळायला मला फार वेळ लागला. कधी कधी आडवे टाके बरोबर जुळतात पण ओळींची उंची जुळत नाही, हुक बदलला की ओळी जुळतात आणि टाके बिघडतात. दोष हुकाचा नसतो. टाक्यात हुक घालून दोरा बाहेर काढतो तो पहिला अढा, तो आपण किती उंच ओढतो यावर खांबाची उंची ठरते. काहीजण तो अढा वर उचलतात, काहीजण खाली खेचून धरतात, काहीजण आहे तसा ठेवतात. स्वतःचा हात एकदा हळू चालवून बघा, कुठल्या प्रकारात आहात ते लगेच दिसेल, मग उंची हवी तेव्हा जरासं उचलायचं, नको तेव्हा हात खाली ठेवायचा. सुरुवातीची साखळी घट्ट होऊन पट्टी खाली गोळा होत असेल तर त्याचा उपाय सोपा आहे, फक्त साखळीपुरता अर्धा-एक मिलीमीटर मोठा हुक वापरा.

गोलाकडे येऊ. गोल सपाट का राहत नाही हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि सगळे 6, 12, 18 असं पाठ करतात. पाठ करू नका, थोडं गणित बघा, शाळेतलंच आहे. घेर म्हणजे 2 गुणिले पाय (π) गुणिले त्रिज्या. दर फेरीला त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, म्हणजे घेर दर वेळी त्या उंचीच्या साधारण 6.28 पट वाढायला हवा. मुका खांब जेवढा उंच जवळपास तेवढाच रुंद असतो, म्हणून दर फेरीला 6 टाके वाढवायचे. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून 12 ने सुरुवात आणि मग 24, 36, 48. एवढं कळलं की पॅटर्नशिवाय गोल जमतो, आणि बिघडला तरी कारण कळतं, वाटीसारखा वर वळायला लागला तर वाढ कमी पडतेय, झालर सुटायला लागली तर वाढ जास्त होतेय. तुमचा हात उंच खांब घालणारा असेल तर 12 च्या ऐवजी 13 नेही बरं बसेल, बिनधास्त घाला.

आणि झालर ही काही नेहमी चूकच असते असं नाही हं. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना तैमिना यांनी 1997 मधे मुद्दाम ठराविक प्रमाणात टाके वाढवत नेऊन हायपरबोलिक प्रतल (कडेकडे जाताना झपाट्याने पसरत झालरीसारखं वळणारं पृष्ठ) क्रोशाने विणलं, कागदाची मॉडेल्स नाजूक असायची, विणलेलं मात्र विद्यार्थ्यांना हातात घेऊन घडी घालून बघता यायला लागलं. पुढे 2005 पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्याच युक्तीवर प्रवाळाचं आख्खं बेट विणायला घेतलं, त्यात जगभरातले हात लागले. करून बघायला सोपं आहे, दर पाचव्या टाक्यात दोन घालत सुटा आणि आठ-दहा फेऱ्यांनंतर काय होतं ते बघा. लोकर मात्र भरपूर ठेवा, शेवटच्या फेऱ्या संपता संपत नाहीत.

चार्ट, म्हणजे चिन्हांनी काढलेला पॅटर्न, वाचायला शिकाच. शब्दांचे पॅटर्न भाषेत अडकतात आणि वर इंग्रजीतच दोन बोली आहेत, अमेरिकन पॅटर्नमधला सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश पॅटर्नमधला डबल क्रोशे, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. ओळखायची खूण अशी की पॅटर्नमधे कुठेही सिंगल क्रोशे असा शब्द आला तर तो अमेरिकन, ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. चार्टमधे ही भानगड नाही. लंबगोल म्हणजे साखळी, ठिपका म्हणजे स्लिप स्टिच (जोडायचा सपाट टाका), फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी म्हणजे अर्धा खांब, टी च्या अंगावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे लांब खांब. रेघ म्हणजे हुकावर आधी दोरा किती वेळा गुंडाळायचा ते (अर्धा खांब तेवढा अपवाद, रेघ नसली तरी एकदा गुंडाळायचा), एवढं लक्षात ठेवलं की झालं. एक अक्षर वाचता येत नसलेल्या जपानी पॅटर्नवरून मी शाल विणलीये, फक्त चित्र बघून.

नवीन प्रकार शिकताना माझं एक ठाम मत आहे, मोठी वस्तू घेऊ नका. तळहाताएवढा तुकडा करा, त्याला कागदाची चिठ्ठी लावा, हुक किती मिलीमीटरचा, लोकर कुठली, काय आवडलं, काय वैताग झाला. सगळे प्रकार एकदम शिकायची गरजही नाही. खांबाच्या मानेभोवती पुढून-मागून हुक घालून होणारी उठावाची वीण आधी घ्या, कारण त्यात टाक्याचं शरीर समजतं. मग फिले, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या चौकोनांची जाळी, यात आलेख कागदावर स्वतःचं चित्र काढून विणता येतं, स्वतः डिझाइन करायची यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही. ट्युनिशियन क्रोशा वेगळाच मामला आहे, लांब हुक लागतो, जाताना सगळे अढे हुकावर जमवायचे आणि येताना एकेक सोडवायचे, कापड जाड आणि दाट होतं आणि कडेने वळतं फार. ते मला आवडत नाही, पण शिकून मग नावडणं वेगळं. अमिगुरुमी, म्हणजे विणलेली छोटी खेळणी, करणाऱ्यांनी दोरा हुकावरून घेऊन आणि हुकाखालून घेऊन असे दोन चेंडू करून बघा, पहिल्यावर मुका खांब व्ही सारखा दिसेल, दुसऱ्यावर फुलीसारखा आणि वीण जरा घट्ट, डोळे-नाक शिवताना फरक कळतो.

शेवटचं काम, म्हणजे टोकं लपवणं आणि ब्लॉकिंग, याबद्दल थोडंच सांगते. टोकं किमान 15 सेंटीमीटर ठेवा आणि सुईने एकदा इकडून, परत उलट, परत इकडून ओवा. सुती आणि लोकरीचं काम ओलं करून टाचण्यांनी ताणून वाळवा. अॅक्रिलिकला लांबूनच वाफ द्या, इस्त्री टेकवू नका, एकदा वितळलं की ते परत मूळ रूपात येत नाही. आणि मनगट दुखायला लागलं की थांबायचं, ही ओळ संपवून उठते वगैरे काही नाही, ओळी कधी संपत नाहीत.

आता सगळ्यात अवघड आणि माझा सगळ्यात आवडता अभ्यास. कोणाच्या तरी हातचं जुनं काम घ्या ज्याचा पॅटर्न कुठेच नाही, आणि ते बघून पॅटर्न लिहून काढा. मी मावशीचा एक गोल रुमाल घेतला होता, बारीक दोऱ्याचा, पिवळट पडलेला. मध्यापासून सुरुवात केली, पहिली फेरी 12 खांब, दुसरी 24, मग साखळ्यांच्या कमानी, भिंगाखाली धरून एकेक मोजत कागदावर चार्ट काढत गेले. अकराव्या फेरीला गाडी अडली. पाच पाकळ्यांत सगळं जुळायचं आणि सहाव्या पाकळीत खालच्या टाक्यांपेक्षा एक खांब जास्त यायचा, दोन संध्याकाळी गेल्या, मला वाटलं मलाच कमानी मोजता येत नाहीयेत. मग लख्ख उजेडात नेऊन बघितलं तर दहाव्या फेरीत तिथे एक टाका सुटलेला होता, आणि मावशीने वरच्या फेरीत एकाच भोकात दोन खांब कोंबून तो बेमालूम झाकला होता. आम्हाला मात्र जन्मभर सांगत आली, चुकलं की उसवायचं.