फ्लॅटमेटसोबत बिलं वाटताना या चुका टाळा

मे महिन्याचं लाइटबिल आलं की ओळखीतल्या कुणा ना कुणा मुलीचा फोन येतोच. "ताई, बिल अडीचपट आलंय, चौघींत सारखं वाटायचं ना?" मुंबईत मी नऊ वर्षं वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहिले. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एसी कुणाच्या खोलीत आहे?

एसीचं बिल सगळ्यांत सारखं वाटणं

गोरेगावला आम्ही चौघी टू बीएचकेत होतो. एसी फक्त मोठ्या बेडरूममध्ये, आणि त्या खोलीत मी आणि नाशिकची एक मुलगी. पलीकडच्या खोलीतल्या दोघी पंख्यावर. एप्रिलचं बिल चार भागांत वाटलं, कुणी काही बोललं नाही. मेमध्येही तसंच वाटलं. जूनच्या बिलाला साताऱ्याची मुलगी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "आम्ही घामात झोपायचं आणि तुमच्या गारव्याचे पैसेही भरायचे?" तिचं शंभर टक्के खरं होतं. तीन महिने ती गप्प बसली होती आणि तेवढ्या काळात आमचं एकत्र जेवणही बंद झालं होतं. मला ते आजही लागतं, कारण फायदा माझा होत होता आणि विषय मी काढायला हवा होता.

मग आम्ही दुसरी चूक केली. एसीचे युनिट काढले आणि त्यांना सरासरी दर लावला. तेही बरोबर नाही, कारण घरगुती वीज टप्प्यांनी महाग होते: महिन्याला १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि ५०० च्या वर चौथा. समजा एसीशिवाय घराचे २४० युनिट होतात आणि एसीसकट ५२० झाले. एसीच्या २८० युनिटांपैकी फक्त ६० दुसऱ्या टप्प्यात बसतात, २०० तिसऱ्यात जातात आणि २० थेट चौथ्यात. सरासरी दर लावला की या महागड्या टप्प्यांचा भार पंख्यावाल्यांवरही पडतो. म्हणून मी एसीचे युनिट नेहमी वरून मोजते. आधी २४० युनिटांचं बिल किती झालं असतं ते काढायचं, ते चौघींत वाटायचं, वरची सगळी रक्कम एसीच्या खोलीची. स्थिर आकार मात्र एसी नसताना जेवढा आला असता तेवढा चौघींचा. "स्वस्त टप्पा त्यांनाच का?" असं एसीवाले विचारतात. एसी नसता तर घर त्याच टप्प्यात राहिलं असतं, म्हणून.

एसीचे युनिट अंदाजाने काढू नका. मार्चचं बिल मेच्या बिलातून वजा करून चालत नाही, उन्हाळ्यात फ्रिज आणि पंखेही जास्त वीज खातात. वायरमनला बोलावून एसीच्या पॉइंटवर सब-मीटर, म्हणजे फक्त एसीचे युनिट मोजणारं वेगळं मीटर, बसवून घ्या. मी बिलावरची रीडिंगची तारीख बघून त्याच दिवशी सब-मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकते. एवढं करायचाही कंटाळा असेल तर सरळ एसीशिवायचा फ्लॅट बघा.

डिपॉझिट परस्पर हातात देणं

हे सगळ्यात महागात पडतं. जुनी मुलगी सातव्या महिन्यात निघते, नवीन येते आणि तिच्या वाट्याचं डिपॉझिट जुनीच्या खात्यावर टाकते. झालं, व्यवहार मिटला असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे अशीच एक मुलगी आली. कराराचे अकरा महिने संपल्यावर मालकाने तुटलेल्या बेसिनचे आणि रंगाचे पैसे कापले. बेसिन ती येण्याच्या आधीच तडकलं होतं, पण तिच्या वाट्यातूनही पैसे गेले. जुनीने तोवर फोन उचलणं बंद केलं होतं.

तेव्हापासून माझी सवय आहे. डिपॉझिट हलण्याआधी जुनी, नवीन आणि आम्ही असं सगळ्यांनी मिळून घरभर फिरायचं, व्हिडिओ काढायचा, दिसेल त्या नुकसानीचा जुनीचा वाटा तिथेच कापायचा. आणि मालकाला लेखी कळवायचं. लिव्ह अँड लायसन्स करारात, म्हणजे मालकाशी केलेल्या भाड्याच्या करारात, जिचं नाव नाही, तिचं डिपॉझिट मालकाच्या लेखी नसतंच. करार नोंदवलेला हवा. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा मागायला लाजू नका.

बाकीच्या चुका

भाडं डोकी मोजून वाटू नका. अटॅच्ड बाथरूमवाल्या खोलीने जास्त द्यायचं आणि ते सामान आत यायच्या आधी ठरवायचं.

पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं. मधेच निघणारीने त्या दिवशीचं मीटर रीडिंग काढून हिशेब करून जायचं.

बाईचा पगार हजेरीवर वाटत नाहीत. तुम्ही आठ दिवस गावी गेलात म्हणून बाईचं पोट आठ दिवस थांबत नाही. दिवाळीचा बोनसही सगळ्यांचा.

मासळी आणि अंडी जी खाते तिची. कांदे-बटाटे मोजणारीबरोबर मी राहत नाही.

पाहुणा तीन रात्रींहून जास्त राहिला की त्याच्या यजमानीणबाईंनी दोन वाटे भरावेत.

नवीन मुली पहिल्या दिवशी हिशेबाचं ॲप टाकतात आणि बोलणं टाळतात. ॲप बेरीज करतं, कुणाचं किती हे तुम्हालाच ठरवावं लागतं. आम्ही दर महिन्याच्या पाच तारखेला रात्री जेवण झाल्यावर बिलं घेऊन बसायचो, वीस मिनिटं. गोरेगावच्या त्या फ्लॅटमध्ये हे सुरू केल्यावर दुसऱ्याच महिन्यात साताऱ्याची मुलगी पुन्हा आमच्या पंगतीला बसली.