व्हेल दाखवणाऱ्या बोटीवर शास्त्रज्ञ म्हणून काम करायचंय त्यांच्यासाठी

मरीन बायोलॉजी शिकणारी बरीच मुलंमुली विचारतात की प्रवाशांना व्हेल, डॉल्फिन दाखवायला ज्या बोटी जातात त्यावर शास्त्रज्ञ म्हणून काम कसं मिळतं, आणि ते खरं संशोधन असतं की नुसती गाईडगिरी. मी हेच काम करते, तर माझं उत्तर असं की दोन्ही असतं, आणि लोकांशी बोलायला ज्यांना आवडत नाही त्यांनी इकडे येऊ नये, कारण एकच प्रश्न दिवसातून अनेकदा येतो आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्यासाठी तो नवीन असतो.

शिक्षणाचं आधी उरकते. झूलॉजी, इकॉलॉजी किंवा मरीन बायोलॉजीची डिग्री बहुतेक ठिकाणी मागतात, मास्टर्स असेल तर उत्तमच. त्याबरोबर फर्स्ट एड, पोहणं, व्हीएचएफ रेडिओवर (बोटींचा आपापसात बोलायचा वायरलेस) बोलता येणं आणि एखादी जास्तीची भाषा. स्टॅटिस्टिक्स टाळू नका, पुढे जाऊन तेच उपयोगी पडतं. सुरुवात बहुतेकांची सीझनपुरत्या इंटर्नशिपने होते, त्यातल्या काही ठिकाणी उलट तुमच्याकडूनच पैसे घेतात, तेव्हा हो म्हणायच्या आधी एवढं नक्की विचारा की बोटीवर गोळा होणारा डेटा जातो कुठे आणि वापरतं कोण. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे संशोधन होत नाही असं समजा.

आता खरं काम. लांबून पहिल्यांदा दिसतो तो श्वासाचा फवारा, आणि त्यावरूनच अंदाज बांधायला शिकावं लागतं. ब्लू व्हेलचा फवारा उंच, सरळ, अगदी 9 मीटरपर्यंत जातो, हंपबॅकचा बुटका आणि झुडपासारखा पसरट, राईट व्हेलचा समोरून किंवा मागून बघितलं तर इंग्रजी व्ही सारखा दुभंगलेला. स्पर्म व्हेलचं नाकपुडं डोक्याच्या पुढच्या टोकाला डाव्या बाजूला असतं म्हणून त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे कललेला, हे एकदा नजरेत बसलं की विसरत नाही. पण वारा असला की सगळेच फवारे मोडतात, त्यामुळे पाठीचा आकार, पाठीवरचा पंख आणि डुबकी मारताना शेपटी वर येते की नाही हे बघितल्याशिवाय नाव जाहीर करायचं नाही. प्रवासी घाई करतात, करू देत, "मोठा व्हेल आहे, कुठला ते अजून बघतोय" असं माईकवर सांगायला काहीच हरकत नसते.

मला या कामात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फोटो-आयडीचा, म्हणजे फोटोवरून एकेक प्राणी ओळखण्याचा भाग. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळीपांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. ऑर्का (किलर व्हेल) पाठीवरच्या पंखावरून आणि त्यामागच्या करड्या डागावरून ओळखतात, 1970 च्या दशकात कॅनडात मायकल बिग यांनी तसं करून दाखवलं होतं. व्हेल शार्क या माशाच्या अंगावरचे ठिपके जुळवायला तर आकाशातले तारे जुळवायची गणिती पद्धत वापरली गेली. आणि हे फोटो प्रवाशांनी काढलेले असले तरी चालतात! हॅपीव्हेल नावाच्या साईटवर 2015 पासून जगभरातले लोक असे फोटो टाकतात आणि तोच प्राणी आधी कुठे दिसला होता ते कळतं. फक्त तारीख, वेळ आणि जागा अचूक लागते. म्हणून बोट निघाली की प्रत्येकाला जीपीएसच्या स्क्रीनचा एक फोटो काढायला सांगा, मग कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असलं तरी नंतर फरक काढून सगळ्या फोटोंची वेळ दुरुस्त करता येते.

दुसरं म्हणजे लॉगशीट, आणि इथे नवीन लोक हमखास कंटाळा करतात. काही दिसलं नाही तो तासही लिहायचा. किती वेळ बघत होतो, कुठून कुठे गेलो, वारा किती, लाटा किती, कारण व्हेल नव्हते म्हणून दिसले नाहीत की समुद्र खवळलेला होता म्हणून, हे नंतर कागदावरूनच कळणार असतं. पांढरे फेस सगळीकडे दिसायला लागले की लहान पोरपॉईज (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) जवळ असूनही डोळ्याला सापडत नाही. दिसल्याच्याच नोंदी ठेवल्या तर संख्या वाढतेय की कमी होतेय हे कोणालाच सांगता येणार नाही.

बोट किती जवळ न्यायची हा रोजचा ताण आहे. नियम देशागणिक वेगळे आहेत, बऱ्याच ठिकाणी मोठ्या व्हेलसाठी साधारण 100 मीटर, तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सदर्न रेझिडेंट नावाच्या ऑर्कांच्या गटापासून 2025 पासून 1000 यार्ड (साधारण 900 मीटर). पण नियमात बसतंय म्हणून सगळं ठीक आहे असं नाही. व्हेल सारखी दिशा बदलायला लागली, वर येणं कमी झालं, आई पिल्लाच्या आणि बोटीच्या मधे यायला लागली की कॅप्टनला मागे घ्यायला सांगायचं, प्रवासी नाराज झाले तरी. समोरून वाट अडवायची नाही, पाठलाग करायचा नाही, बाजूने समांतर आणि हळू. कॅप्टनशी हे पहिल्याच दिवशी, बंदरातच बोलून घ्या, समुद्रात सगळ्यांसमोर वाद घालणं वाईट.

बोलायचं काय? स्पर्म व्हेल खाली गेला की पाऊण तास, कधी जास्तही वर येत नाही, तेव्हा हायड्रोफोन (पाण्याखालचा माईक) सोडा आणि हेडफोन प्रवाशांच्या कानाला द्या, त्याचे क्लिक ऐकू येतात, आणि क्लिक थांबले की बऱ्याचदा तो वर यायला निघालेला असतो. लोक तेव्हा स्वतःच समुद्राकडे बघायला लागतात. व्हेल पाण्याबाहेर उडी का मारतो हे नक्की माहीत नाही, तर तसंच सांगा, मग कुठले अंदाज आहेत ते सांगा. प्रवाशांना हे आवडतं, मी नेहमी बघते.

मळमळीचं औषध निघायच्या आधी घ्यायचं, सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही, आणि दुर्बिणीतून सतत बघत राहिलं तर त्रास वाढतो म्हणून अधूनमधून क्षितिजाकडे बघायचं. हे तुम्हालाही लागू आहे.

अर्ज सीझनच्या बरेच महिने आधी करा. मुलाखतीत बहुतेक विचारतात की तासन्‌तास काहीच दिसलं नाही तर बोटीवरच्या लोकांना काय दाखवाल. तेव्हा समुद्री पक्ष्यांबद्दल बोलता आलं पाहिजे, आणि प्लँक्टनची (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची) जाळी पाण्यातून ओढून तो थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवून कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव) कोणता ते दाखवता आलं पाहिजे, म्हणून हे दोन्ही घरी बसून आत्तापासूनच शिकायला घ्या.