शेजाऱ्याचे दार ठोठावण्यापूर्वी : आवाज, धूर आणि तुंबलेली मोरी यांबाबत या चुका टाळा

गृहनिर्माण संस्थांमधील पुष्कळ भांडणे चिघळतात ती त्रास खोटा असतो म्हणून नव्हे, तर तो भलत्याच दारी नेला जातो म्हणून. वरच्या मजल्यावर मध्यरात्री कोणी पलंग ओढत आहे अशा खात्रीने माणूस तणतणत जिना चढतो आणि वरच्या घराला कुलूप आढळते. काँक्रीटच्या इमारतीत कंप स्लॅब आणि खांबांवाटे दूरवर जातो, त्यामुळे डोक्यावर ऐकू येणाऱ्या आवाजाचा उगम शेजारच्या घरातील घरघंटी किंवा तळमजल्यावरील पाण्याचा पंपही असू शकतो. आठवडाभर वेळ आणि आवाजाचा प्रकार वहीत टिपून ठेवावा व पंपाच्या वेळांशी ताडून पाहावा. दोष पंपाचा निघाल्यास त्याखाली रबरी पॅड बसवून काम भागू शकते.

सर्वाधिक चुका मात्र मोरीच्या बाबतीत होतात. दुर्गंधी आली की फिनेल आणि पाणी तुंबले की ॲसिड, हे दोन्ही उपाय आपण कारण न शोधताच करतो. नहाणीच्या जाळीखालील ट्रॅपमध्ये साचून राहणारे पाणी गटारातील वायू अडवते. पाहुण्यांसाठी राखलेली नहाणी उन्हाळ्यात काही आठवडे वापरली नाही, तर ते आटते आणि वास थेट घरात येतो. अशा वेळी एक तांब्या पाणी ओतणे पुरेसे असते. पण वरच्या घरात फ्लश होताच आपल्या ट्रॅपमध्ये गुडगुड होत असेल, तर गच्चीवरील हवेच्या पाइपाचे तोंड तपासावे, कारण तेथे पक्ष्याचे घरटे असू शकते किंवा वॉटरप्रूफिंग करताना ते बुजवले गेलेले असू शकते. केवळ आपलेच सिंक तुंबत असेल तर दोष बहुधा आपल्याच तेलकट भांड्यांचा असतो. तळमजल्यावर उलटे पाणी येत असेल, तर सामाईक पाइप किंवा चेंबर पाहावे लागते. ॲसिड चिकट तेलावर फारसे काम करत नाही, ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, आणि ते पाइपात साचलेले असल्याचे न सांगता प्लंबरला बोलावणे हा तर निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

छतावरील ओल दिसताच वरच्या सभासदाकडे खर्च मागणे हीदेखील घाई होय. ओल पावसाळ्यातच दिसते, आंघोळीच्या वेळी वाढते की बाराही महिने सारखी राहते, यावरून अनुक्रमे बाहेरील भिंत, सांडपाण्याचा मार्ग आणि दाबाची (म्हणजे पाणी पुरवणारी) पाइपलाइन यांचा संशय घ्यावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) सामाईक बाह्य पाइपमधील गळती संस्थेने, तर शौचालय, सिंक यांसारखी अंतर्गत गळती संबंधित सभासदाने दुरुस्त करावयाची असते.

धुराबाबत एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : सर्व खिडक्या बंद ठेवून आपण स्वयंपाकघरातील जोरदार चिमणी चालवली, तर बाहेर फेकलेल्या हवेची जागा भरण्यासाठी डक्टमधील (इमारतीतील उभ्या मोकळ्या पोकळीतील) शेजाऱ्याच्या फोडणीचा धूर आपणच आत ओढतो. मोकळ्या बाजूची एक खिडकी किलकिली ठेवून पाहावे. आवारात पालापाचोळा जाळला जात असेल, तर तक्रार महापालिकेकडे करावी.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. मोबाइलवरील ॲपचा आकडा प्रमाणित ध्वनिमापकाची जागा घेऊ शकत नाही, म्हणून त्यावर विसंबून दुसऱ्या दिवशी वाद घालण्यापेक्षा रात्री ध्वनिक्षेपक वाजत असतानाच 112 वर कळवावे. संस्थेकडील तक्रार व्हॉट्सॲप गटावर टाकून थांबू नये. तारखांच्या नोंदी जोडून सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.