डिस्क भरलेल्या सर्व्हरवर हात घालण्यापूर्वी

यादीच्या आधी मागच्या वेळी काय झालं ते सांगतो, म्हणजे मी एकाच गोष्टीवर इतका का अडून बसलोय ते कळेल. डिस्क फुल झाली होती. साफसफाई चालू असताना रात्रीचे जॉब मध्येच सुरू होऊ नयेत, म्हणून अ‍ॅप्लिकेशनच्या युजरची क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या जॉबची यादी) मी बाजूला काढून ठेवली. क्रॉनटॅब -एल (ती यादी छापणारी कमांड) चं आउटपुट टेम्पमधल्या एका फाईलमध्ये वळवलं आणि लगेच क्रॉनटॅब -आर (ती पुसणारी) मारलं. एरर आली नाही. जागा झाल्यावर त्याच फाईलवरून क्रॉनटॅब परत चढवली, तेव्हाही एरर नाही. ती फाईल शून्य बाइटची होती. पुढचे नऊ दिवस डेटाबेसचा बॅकअप निघाला नाही, आणि कुणी जुना डेटा परत मागेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

असं होतं कारण फाईलचं नाव आणि फाईलचा मजकूर यांची जागा वेगवेगळी असते. ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाईलसिस्टिमवर आयनोड, म्हणजे प्रत्येक फाईलची नोंद ठेवणारे कप्पे, आधीच आखून ठेवलेले असतात, आणि डिरेक्टरीच्या ब्लॉकमध्ये आणखी एका नावापुरती जागा बहुतेक वेळा निघते. मजकुराला मात्र नवा ब्लॉक लागतो, आणि तोच शिल्लक नसतो. त्यामुळे एलएसमध्ये, म्हणजे डिरेक्टरीतल्या नावांच्या यादीत, फाईल दिसते आणि आत काहीही नसतं. म्हणून काहीही लिहिलं की एलएस -एल करून आकार बघा. पुसण्याआधी बघा, परत चढवण्याआधी पुन्हा बघा.

आता तयारी. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, अ‍ॅक्सेस चालतोय ना, ते आधीच पाहून ठेवा. लॉगिन झाल्यावर दुसरी विंडोही उघडून ठेवा. क्रॉनटॅब, कॉन्फिग, जे काही हलवणार असाल त्याची कॉपी त्या सर्व्हरवर ठेवूच नका. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) कमांड चालवून आउटपुट थेट आपल्या लॅपटॉपवर घ्या. तिथेही आकार बघा, फाईल उघडून शेवटची ओळ वाचा. ते जमत नसेल तर /डेव्ह/एसएचएम वापरा. ते रॅममध्ये असतं, डिस्कवर नाही. फक्त रीबूट झालं की जातं.

रूटने लिहून बघितलं, लिहिता आलं, म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नका. ईएक्सटी4 मध्ये 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे 500 जीबीच्या डिस्कवर 25 जीबी. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) शंभर टक्के दाखवत असतानाही रूटचं काम चालू राहतं आणि अ‍ॅप्लिकेशनच्या युजरचं अडतं. चाचणी त्याच युजरने करा.

विचित्र आउटपुट दिसलं तर कमांडच बिघडली असं लगेच मानू नका. बॅश (कमांड घेणारं शेल) 5.1 च्या आधीच्या आवृत्तीत टॅब दाबला की कधीकधी नाव पूर्ण होण्याऐवजी हिअर-डॉक्युमेंटसाठी (स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या मजकुरासाठी) टेम्प फाईल करता येत नाही अशी तक्रार येते. मोठ्या फाईलवर सॉर्ट मध्येच थांबतं, कारण त्याला टेम्पमध्ये जागा लागते. -टी (कॅपिटल) देऊन दुसरी डिरेक्टरी दाखवा. एखादी स्क्रिप्ट टेम्प फाईलमधल्या ओळी मोजून शांतपणे 0 छापते. तो शून्य खरा समजून पुढचा निर्णय घेऊ नका. आणि हो, परत सांगतो, त्या टेम्प फाईलचा आकार बघा.

जागा शोधायला डीएफ -एच पुरेसं नाही, आयनोड मोजणारं डीएफ -आय पण करा. लाखो बारीक सेशन फाईल साचल्या की आयनोड संपतात, आणि जागा असूनही ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हाच मेसेज येतो. डीएफ भरलेलं सांगतं आणि डीयू (फाईलचे आकार मोजणारी कमांड) त्याच्या निम्मंच मोजतं, असं असेल तर कुणीतरी चालू लॉग आरएम (डिलीट) केलेला असणार. नाव गेलं तरी प्रोसेसने फाईल धरून ठेवलेली असते, जागा सुटत नाही. एलएसओएफ +एल1 (उघड्या फाईल दाखवणारी कमांड, एल कॅपिटल) मध्ये ती सापडते. सर्व्हिस रीस्टार्ट करा. चालू लॉग मुळात आरएम करूच नका, ट्रंकेट करून शून्यावर आणा. डेटाबेसच्या डिरेक्टरीतलं काही हाताने उडवायचं नाही, कितीही मोठं दिसलं तरी.

जागा नसताना क्रॉनटॅब -ई नको, सेड -आय (फाईल जागच्या जागी बदलणारी कमांड) नको, कॉन्फिगवर एडिटर नको. > या चिन्हाने आउटपुट वळवलं की शेल आधी जुनी फाईल रिकामी करतं आणि मग लिहायला जातं. लिहिता आलं नाही तर नवं नाही आणि जुनंही गेलं.

साफसफाई झाली की लगेच उठू नका. त्या दिवशी बदललेल्या शून्य बाइटच्या फाईल शोधा: फाइंडला -साइज 0 आणि -एमटाइम -1, ईटीसीवर, होमवर, अ‍ॅप्लिकेशनच्या डिरेक्टरीवर. काही फाईल रिकाम्याच असायच्या असतात, त्या सोडा. बाकीची एकेक उघडून बघा. अर्धवट लिहिलेल्या फाईल यात येत नाहीत, त्यासाठी कॉन्फिग जुन्या बॅकअपशी डिफ करा, म्हणजे ताडून बघा.

मग सर्व्हिसेस, लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप आवरणारं टूल), 80 टक्क्यांवर अलर्ट हे बघा. प्रत्येक युजरची क्रॉनटॅब -एल डोळ्यांनी वाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअपची फाईल आली का बघा, आणि तिचा आकार बघा.