जुलैची वेतनवाढ लागली का, असं तपासा

महाराष्ट्र राज्य सरकारी कर्मचाऱ्याची १ जुलैची वार्षिक वेतनवाढ पगारबिलात राहून गेली, की पुढे थकबाकीचं वेगळं बिल करत बसावं लागतं.

१. जून आणि जुलैची वेतनचिठ्ठी शेजारी ठेवा. ३ टक्क्यांचं गणित मांडू नका. वेतन मॅट्रिक्समध्ये (स्तरानुसार मूळ वेतनाचे आकडे दिलेला तक्ता) आपल्याच स्तरात एक घर खाली या. उदाहरणार्थ, एस-६ या स्तरात १९,९०० च्या खाली २०,५०० आहे, तेच नवं मूळ वेतन.

२. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजना) कपातही नव्या मूळ वेतनावर हवी.

३. सेवापुस्तकात नोंद आणि खाली कार्यालयप्रमुखाची सही बघा. निवृत्तीवेतनाचं प्रकरण बहुधा इथेच अडतं.

१ जुलैला अर्जित रजेवर असाल, तर वाढीव रक्कम हजर झालेल्या दिवसापासून मिळते. लिपिकाशी वाद घालण्याआधी हे आठवा. नैमित्तिक रजेला हे लागू नाही.