मानसशास्त्रात पीएचडी करताय? फॉर्म वाटण्याआधी या चुका टाळा

दरवर्षी कोणीतरी भरलेल्या फॉर्मांची पिशवी घेऊन येतं आणि विचारतं, "मॅडम, यावर आता कोणती सांख्यिकी टेस्ट लावू?" हा प्रश्न फॉर्म छापण्याआधीचा. पण त्याहून मोठी चूक तोवर होऊन गेलेली असते: तयार प्रश्नावली उचलून थेट लोकांपुढे नेण्याची.

एका विद्यार्थिनीने हर्णै बंदरावर खलाशांमधलं नैराश्य मोजायला पीएचक्यू-9 ही तयार प्रश्नावली वापरली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. 10 किंवा जास्त आले तर पुढे तपासायचं. तिचे निम्म्याहून जास्त खलाशी 10 च्या वर! ती आनंदात होती. मी एकेक फॉर्म पाहिला. गुण साचले होते झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांवर; त्यांचेच 9 होतात. प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि ते आठवडे या माणसांनी बोटीवर, जाळी ओढण्यात काढलेले. तिच्याबरोबर पुन्हा बंदरावर गेले, तेव्हा एक म्हातारे तांडेल म्हणाले, "बाय, दर्यावर रातभर झोपतो कोण?" आठ महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत, बोटी किनाऱ्याला असताना, तिने नव्याने सुरुवात केली.

म्हणून माझ्याकडे नियम असा: आधी दहा जणांच्या ओटीवर बसायचं, प्रश्न वाचून दाखवायचा आणि "तुम्हाला काय कळलं?" एवढंच विचारायचं. पुस्तकातलं 'निरुत्साह' तिथे 'जीव रमत नाय' होतं. याला महिना जातो. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी लोकांच्या मनाचा विषय घेऊ नये.

शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे जुने प्रबंध चाळल्याशिवाय विषय ठरवू नका. पैसे देऊन विश्लेषण करून घेऊ नका. तोंडी परीक्षेत पहिल्या पाच मिनिटांत कळतं. आणि पीएचडी म्हणजे रुग्ण तपासण्याचा परवाना नव्हे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते.

पीएचक्यूचा नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. होकार आला तर कोणाकडे पाठवायचं, हे आधी ठरवा: रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416. एका मावशींच्या फॉर्मवर तिथे 3 होता आणि विद्यार्थ्याने तो पंधरा दिवसांनी, संगणकात आकडे भरताना पाहिला. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. तेव्हापासून माणूस समोर बसलेला असतानाच नववा प्रश्न तपासायला लावते.